पुनर्विकासात पाइप गॅस घ्यायचा का? (आणि २०६० सालापर्यंत काय काय जळत राहणार)

वेताळटेकडी | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडची, १९८६ ची. लिफ्ट नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळते, पार्किंगवरून दर रविवारी महाभारत. पुनर्विकासाचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. कार्पेट किती, कॉर्पस किती यावर सगळ्यांनी मनसोक्त भांडून घेतलं आणि आता करारनाम्याला जोडायची 'सुविधांची यादी' माझ्या गळ्यात मारली आहे. कारण काय, तर कमिटीत मी सगळ्यांत लहान. वय वर्षे ४७.

यादीत तीन ओळी आहेत ज्या कुणीच वाचलेल्या नाहीत: प्रत्येक फ्लॅटला पाइप गॅस, सामाइक वापरासाठी डिझेल जनरेटर, आणि 'भविष्यातील ईव्ही चार्जिंगची तरतूद', म्हणजे फक्त एक रिकामा पाइप.

या ओळी मला खटकल्या त्याचं कारण सांगतो. २०१० मध्ये स्टीव्हन डेव्हिस, केन काल्डेरा आणि डेमन मॅथ्यूज या तिघांनी 'सायन्स' नियतकालिकात एक साधा प्रश्न विचारला होता. समजा आजपासून जगात कोळसा, तेल, गॅस जाळणारं एकही नवं यंत्र बांधलं नाही. जी आहेत, वीजकेंद्रं, कारखाने, मोटारी, घरातल्या शेगड्या, ती त्यांचं आयुष्य संपेपर्यंत नेहमीसारखी चालू दिली. तर किती धूर निघेल? उत्तर आलं, २०१० ते २०६० या काळात सुमारे ४९६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड, आणि तापमानवाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत १.३ अंशांच्या आसपास थांबेल. म्हणजे तोवर जे बांधून झालं होतं त्याने १.५ अंशांची (पॅरिस करारातल्या मर्यादेची) रेघ ओलांडली जात नव्हती. खरी भीती होती ती न बांधलेल्याची.

मग २०१९ मध्ये डेव्हिस यांच्यासह दुसऱ्या एका गटाने 'नेचर'मध्ये तोच हिशोब नव्याने मांडला. आता आकडा ६५८ अब्ज टन. त्याखेरीज ठरवलेल्या, परवानग्या मिळालेल्या किंवा बांधकाम चालू असलेल्या वीजकेंद्रांचे आणखी १८८. आणि १.५ अंशांच्या आत राहून अजून सोडता येईल असा तेव्हा शिल्लक धरलेला कोटा होता ४२० ते ५८० अब्ज टन. मधल्या काळात आपण सगळ्यांनी मिळून ती रेघ बांधून ओलांडली.

आमची जुनी इमारत चाळीस वर्षं चालली. नवी त्याहून जास्त चालेल. आज भिंतीत जे घालू ते २०६० सालीही तिथेच असणार. गॅसला नाही म्हणावं का? कमिटीत एकटा पडणार हे दिसतंच आहे. अनुभव सांगा. आखाडा करू नका ही नम्र विनंती.

स्पष्टवक्ता९ | रविवार, रात्री १०:४०

घ्या! जग वाचवायची जबाबदारी शेवटी कोथरूडवरच आली. अमेरिकेने दीडशे वर्षं धूर सोडला, चीन आज सोडतोय, आणि आपण भाकरी कशावर भाजायची यावर धागा. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा-पंधरा. आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास, आपला चारेक टक्के. आधी त्यांना त्यांचे गॅस बंद करायला सांगा.

आणि तसंही आज सगळं बंद केलं तरी पृथ्वी तापतच राहणार आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग कशाला जिवाला घोर?

बॅकलॉग | रविवार, रात्री १०:४३

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

त्रैराशिक | रविवार, रात्री ११:३५

स्पव, पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही, आणि या धाग्यात तोच जास्त महत्त्वाचा आहे.

'आज बंद केलं तरी तापतच राहणार' हे सगळीकडे ऐकू येतं. कार्बन डायऑक्साइड हवेत जितका आहे तितकाच कायम ठेवला तर ते खरं आहे. पण उत्सर्जन शून्यावर आणलं तर समुद्र आणि जंगलं हवेतला थोडा थोडा वायू शोषत राहतात, त्याच वेळी अजून तापत असलेला समुद्र हवेतली उष्णता कमी कमी शोषू लागतो, आणि दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना कापतात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय समितीच्या) सहाव्या अहवालाचाही निष्कर्ष हाच: उत्सर्जन थांबलं की कार्बनमुळे होणारी वाढ साधारण तिथेच थांबते. शतकानुशतकं उतरत नाही हे खरं, पण चढतही नाही.

म्हणजे हवामानाची स्वतःची ओढ आपण समजतो तितकी नाही. ओढ आहे ती यंत्रांची. कर्ज काढून बांधलेलं वीजकेंद्र, पंधरा वर्षं चालेल असा ट्रक, भट्टी, रिफायनरी. बंद करायला कुणी तयार नाही म्हणून ती चालत राहतात.

हिशोब सोपा आहे. दर १००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. २०२२ च्या आयपीसीसी अहवालात अस्तित्वात असलेल्या यंत्रांचे ६६० अब्ज टन धरलेत, ठरवलेली धरून ८५०. १.५ अंशांच्या आत राहायची निम्मी शक्यता हवी असेल तर २०२० पासूनचा कोटा होता ५१०. २ अंशांच्या आत राहायची दोन-तृतीयांश शक्यता हवी तर ८९०. ८५० आणि ८९० यांत किती फट आहे बघा.

स्पष्टवक्ता९ | सोमवार, सकाळी ८:०५

तुमच्याच आकड्यांनी ६६० चे झाले ०.३ अंश. तेव्हा जग तापलं होतं १.१ ने. बेरीज १.४. मग १.५ कुठे ओलांडलं? गणितात आम्हीही पास झालोय.

त्रैराशिक | सोमवार, सकाळी ९:२०

चांगला प्रश्न, टोमण्यासकट.

एक, ते ०.४५ मधलं मूल्य आहे. पट्टा ०.२७ ते ०.६३ चा. दोन, यात फक्त कार्बन डायऑक्साइड आला. मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांची भर वेगळी. तीन, ही गोष्ट कुणी सांगत नाही: कोळशाच्या धुरातल्या गंधकाचे बारीक कण ऊन परतवतात, म्हणजे धुरकं थोडी तापमानवाढ झाकून ठेवतं. चिमण्या बंद झाल्या की ते झाकण उघडतं. हे सगळं धरून ५१० चा कोटा काढलेला आहे. आणि जग वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं, तेव्हा २०२० पासूनच्या पहिल्या पाच वर्षांतच त्यातले दोनशेच्या घरात गेले. २०२४ हे पूर्ण वर्षच १.५ च्या वर गेलं. एका वर्षाने रेघ ओलांडली असं म्हणत नाहीत, सरासरी बघतात. पण दिशा कळायला तेवढं पुरे.

भाकरतुकडा | सोमवार, दुपारी २:१५

वेटे, तुम्ही सगळे अब्ज टनांत बोलताय, मी तव्याबद्दल बोलते.

आमच्याकडे पाइप गॅस आहे आणि इंडक्शनही. वरण-भात, भाजी, दूध, चहा सगळं इंडक्शनवर. पटकन होतं, ओटा तापत नाही, एप्रिल-मेमध्ये तर सुख आहे. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून आचेवर टाकली की जी टम्म फुगते ती इंडक्शनवर नाही फुगत. कापडाने दाबून फुगवतात, मीही केलं, सासूबाईंनी ताटात उलटीपालटी करून बघितली आणि काही न बोलता लोणचं मागितलं. भरताचं वांगं तर विचारूच नका. आणि गुरुवार! आमच्या भागात दुरुस्तीची वीज गुरुवारीच जाते, सकाळी दहाला गेली की संध्याकाळी. त्यात गुरुवारीच पाणी बंद. त्या दिवशी गॅस नसेल तर घरात उपास.

तेव्हा एक शेगडी ठेवाच. वाटल्यास साधा सिलिंडर ठेवा.

निवृत्त_बॉयलर | सोमवार, रात्री ९:५०

एरवी रोमात (फक्त वाचत) असतो, पण या धाग्यावर राहवलं नाही. उभी हयात विदर्भातल्या औष्णिक केंद्रांत गेली. आता वारज्यात असतो.

इंडक्शन लावलं म्हणजे धूर गेला असं समजणाऱ्यांसाठी. तुमच्या ओट्यावरचा धूर आमच्या चिमणीतून निघतो. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर ताशी तीनशे टनांच्या वर कोळसा खातो. आपल्या कोळशात शंभरात तीस-चाळीस राखच. म्हणजे मालगाडीच्या दर तीन वाघिणींमागे एक वाघीण आपण राखेची ओढून आणतो.

आता लोक म्हणतात सौरऊर्जा एवढी आली, दुपारी कोळसा बंद का नाही करत? करता येत नाही. बॉयलर थंड करून पुन्हा पेटवायला तासन् तास लागतात, त्यात तेल जातं, पाइपांचे सांधे आकुंचन-प्रसरणाने थकतात. संध्याकाळी सातला सूर्य गेला आणि सगळ्या महाराष्ट्राने दिवे-पंखे लावले की संच तयार पाहिजे. त्यासाठी तो दुपारी चालूच ठेवावा लागतो, कमी भारावर. पण ५५ टक्क्यांच्या खाली नेला की ज्योत अस्थिर होते. कंट्रोल रूममध्ये फ्लेम स्कॅनरचे दिवे एकेक करून लुकलुकायला लागतात, ऑपरेटर ऑइल गन (ज्योत टिकवायला तेलाचा फवारा) आत घालायला सांगतो, आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो की आता संच ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत ही किमान पातळी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायला सांगितली आहे. होईल, पण त्यासाठी खर्च आहे आणि जुने संच कुरकुरणार.

आयुष्याचं म्हणाल तर कागदावर करार २५ वर्षांचा, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस सहज. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच ऐंशीच्या दशकातले, ते गेले. पण तिथे अजून २९२० मेगावॅट उभं आहे आणि त्यातले काही संच तरुण आहेत. २०२३ मध्ये मागणी वाढतेय म्हणून २०३० पर्यंत जुने संच बंद करू नका असाही सल्ला केंद्रातून आला. त्या डेव्हिसच्या हिशोबात आम्ही निवृत्त धरलेलो, इथे मुदतवाढ मिळाली!

बॅकलॉग | सोमवार, रात्री १०:०२

निबॉ काका, +१००. स्वतंत्र धागा काढा प्लीज.

स्पष्टवक्ता९ | सोमवार, रात्री १०:३०

काकांचा प्रतिसाद आवडला. पण मग माझंच खरं ठरलं की. कोळशाची वीज जाळून इंडक्शन चालवायचं आणि त्याला पर्यावरण म्हणायचं. गॅस परवडला.

त्रैराशिक | मंगळवार, सकाळी ७:४५

स्पव, आजच्या तारखेला तुमचं बरोबर आहे. आकडेच मांडतो.

१४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त उष्णता भांड्यात जाते, बाकी ओट्यावर आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर. तेवढंच काम इंडक्शनवर करायला सव्वाशे युनिटच्या आसपास लागतील. आपल्या देशातली वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो सोडते. झाले जवळजवळ ९० किलो. म्हणजे आज पुण्यात इंडक्शनचा धूर सिलिंडरच्या दुप्पट आहे. (पाइप गॅस सिलिंडरपेक्षा थोडा स्वच्छ जळतो, म्हणजे फरक आणखी वाढेल. पण पाइपातून गळणारा मिथेन जमेस धरला, जो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, तर ती बचत लवकर संपते.)

आता स्कूटर घ्या. पेट्रोलची किलोमीटरला पन्नासेक ग्रॅम, विजेची याच कोळशाच्या विजेवर पंचवीसच्या आसपास. म्हणजे तिथे आजच निम्मं. पेट्रोल इंजिन मुळातच इतकं वाया घालवतं की कोळशाची वीजसुद्धा त्याच्यापुढे बरी.

मग इंडक्शनच्या बाजूने काय उरतं? फक्त एक गोष्ट, पण मोठी. गॅसची ज्योत २०५५ मध्येही आजच्याइतकाच धूर सोडेल. वीज बदलू शकते. युनिटमागचा धूर निम्म्याच्या खाली गेला की बाजी उलटते. आणि वीज बदलते आहे: २०२५ च्या मध्याला देशातली निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, गॅस सोडून इतर) झाली. प्रत्यक्षात तयार होणारी वीज मात्र अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच, कारण सूर्य रात्री नसतो. त्यासाठी साठवण हवी. आपल्या मावळात शिरवत्याला १८०० मेगावॅटचा आणि पलीकडे भिवपुरीला १००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प टाटांनी योजलाय: दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. घाटघरला हे छोट्या प्रमाणावर चालूच आहे.

तेव्हा वेटे, आज किती धूर निघतो हे विचारू नका. ज्याची पुढे सुधारणा होऊ शकते ते कुठलं आणि ज्याची कधीच होणार नाही ते कुठलं, एवढं बघा.

लोणीवाला_टँकर | मंगळवार, दुपारी १२:३०

राम राम मंडळी. मी लोणी काळभोरचा. दोन टँकर आहेत माझे, डेपोतून पंपावर पेट्रोल-डिझेल पोचवायचं काम. मुंबईच्या रिफायनरीतून माल पाइपानं लोणीत येतो, तीच लाइन पुढं सोलापूरला जाती. लोणीतून पुढं आम्ही.

तुमचं सगळं वाचलं. खोटं नाय म्हणत. आमच्या विहिरी मार्चला आटत्यात ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण दुसरा टँकर मी आत्ता घेतला, हप्ते चालूयेत. ती पाइपलाइन जमिनीत पुरलीय, तिच्यावर डेपो, डेपोवर आमच्यासारखे किती टँकर, टँकरवर ड्रायव्हर-क्लीनर, बाहेर पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या. तुम्ही म्हणता यंत्रांची ओढ. त्या ओढीत आमची घरं पण बांधलेली हायेत. माझा पोरगा म्हणतो बाबा पुढचा टँकर घेऊ नका, विजेच्या बसच्या डेपोत काम बघा. भेकराईनगरला बघून आलो, तिथं मेकॅनिकला कामच कमी. इंजिन नाय, ऑइल नाय.

बंद करा, पण सांगून करा. दहा वर्षं आधी सांगा.

भाकरतुकडा | मंगळवार, दुपारी १:०५

दादा, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

ट्रेंटकाठी | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी मूळची नारायण पेठेतली, आता नॉटिंगहॅमजवळ राहते. लंडनला जाताना गाडीतून रॅटक्लिफचे आठ कूलिंग टॉवर दिसतात, पोटात बारीक झालेले, अवाढव्य. हे ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. १९६८ पासून चाललं, म्हणजे छप्पन वर्षं. निबॉ काकांचे पस्तीस-चाळीस इथे कमीच पडले. पण २०१२ च्या सुमारास इथली चाळीस टक्के वीज कोळशाची होती आणि बारा वर्षांत शून्य. इथे तारीख आधी जाहीर केली होती, लोकांना त्याप्रमाणे दुसरीकडे सामावून घेता आलं. लोणीवाले दादा म्हणतात ते अगदी खरं.

मात्र वेटे, तुमच्यासाठी खरा धडा दुसराच आहे. कोळसा हे मूठभर केंद्रांचं काम होतं. सरकारने ठरवलं, झालं. आता अडलंय ते घराघरातल्या गॅसच्या बॉयलरवर. साठ-सत्तरच्या दशकांत उत्तर समुद्रात गॅस सापडला आणि दारोदार पाइप टाकले. आज बहुतेक घरं त्यावरच तापतात. एकेका घराचा बॉयलर काढून हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) बसवायचा म्हणजे कोट्यवधी वेळा तीच चर्चा: पैसे कोण देणार, रेडिएटर बदलायचे का, आजोबांना थंडी वाजेल का. सरकारं बदलली, अनुदानं आली-गेली, काम रखडलेलंच आहे. एक मोठं केंद्र बंद करणं सोपं, कोटभर छोट्या ज्योती विझवणं महाकठीण.

स्पष्टवक्ता९ | मंगळवार, रात्री ९:१५

पण त्यांच्याकडची केंद्रं म्हातारी होती, पैसे वसूल झालेले होते. आपली आणि चीनची कोवळी. त्या ६५८ मध्ये एकट्या चीनचा वाटा ४१ टक्के. आज बंद करायची तर कर्ज कोण फेडणार? बँका आपल्या, ठेवी आपल्या.

निवृत्त_बॉयलर | मंगळवार, रात्री १०:१०

याला म्हणतात प्रश्न. स्पष्टवक्ते, हस्तांदोलन.

वीजखरेदी करारात दोन आकार असतात. एक स्थिर, केंद्र उभं आहे म्हणून द्यायचा. दुसरा बदलता, जाळलेल्या कोळशाचा. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. मग वीज कंपनी म्हणते पैसे जाणारच आहेत तर वीज घेऊ. अशा रीतीने न लागणारा कोळसाही जळतो. करार तापमानमापकापेक्षा ताकदवान.

महाराष्ट्राने हे दाभोळला भोगलंय. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला नाफ्थ्यावर (एक महाग खनिज-तेल इंधन) सुरू झाला, दर असा की राज्य वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. २००१ मध्ये वीज घेणं थांबवलं, केंद्र बंद पडलं, त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचंही दिवाळं निघालं. मग २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने पुन्हा उभं केलं, तर पुढे देशी गॅस आटला आणि परत ठप्प. त्या एका प्रकल्पाने शिकवलं ते असं की चुकीचं बांधलेलं चालवलं तरी खर्च आणि नाही चालवलं तरी खर्च. आणि आता कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचं घाटतंय. मी स्वतः कोळशावर जगलो, तरी विचारतो, २०६० मध्ये त्यांचं काय करणार?

शिवाय कोळशाला पाणी लागतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्यामुळे दुष्काळ वाढतात त्यालाच दुष्काळ नडला.

बॅकलॉग | बुधवार, सकाळी १०:४८

अवांतर: गच्चीवर सोलर लावून सगळा प्रश्न मिटत नाही का? आमच्या ऑफिसमधला एक जण सांगत होता वीजबिल शून्य आलं म्हणून.

त्रैराशिक | बुधवार, सकाळी ११:३०

बंगल्यात मिटतो. अकरा मजल्यांच्या इमारतीत गच्ची तेवढीच, माणसं तिप्पट. एक किलोवॅटला दहाएक चौरस मीटर जागा आणि पुण्यात दिवसाला सरासरी चार युनिट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली सोडून ३० किलोवॅट बसले तर १२० युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे निघतील. पन्नास स्वयंपाकघरं नाही निघणार. तरी लावाच. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाइक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

डिझेल जनरेटरबद्दल डोकं फोडू नका. महिन्यात काही तास चालतो. यंत्र बांधलं याहून ते किती तास चालणार हे महत्त्वाचं.

फेज_न्यूट्रल | बुधवार, रात्री ८:५५

मी इमारतींच्या वायरिंगची कामं घेतो. सगळे गॅस हवा की नको यावर भांडताय, मुद्दा तिसराच आहे.

पाइप गॅस कधीही येतो. बाहेरच्या भिंतीवरून पिवळा पाइप चढवतात, खिडकीजवळ एक भोक, संपलं. वीस वर्षांनी हवा असेल तरी येईल. तारेचं तसं नाही. तार भिंतीत जाते, वरून टाइल्स लागतात. ओट्याजवळ आज बिल्डर १६ अँपिअरचा एक पॉइंट देतो, त्यावर मिक्सर, ओव्हन, इंडक्शन सगळं आलटून पालटून. चार बर्नरचा पक्का इंडक्शन हॉब ७ किलोवॅटपर्यंत जातो. त्याला ३२ अँपिअरचा वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार थेट बोर्डापासून लागते. आज घातली तर फ्लॅटमागे खर्च किरकोळ. नंतर घालायची तर ओटा फोडा.

दुसरं, ट्रान्सफॉर्मर. बिल्डर भार हात आखडून धरतो. पन्नास फ्लॅटमध्ये पुढे इंडक्शन आणि खाली पंचवीस गाड्या चार्जिंगला लागल्या तर रात्री आठला सगळं बसेल. मग नवा ट्रान्सफॉर्मर, त्याला जागा नाही, मग भांडणं. भारपत्रकातला (इमारतीला किती वीज लागेल त्या तक्त्यातला) आकडा आत्ताच वाढवून घ्या. चार्जिंगचा तो 'रिकामा पाइप' पण बघा, वीस मिलिमीटरचा असेल तर त्यातून काही जाणार नाही.

भाकरतुकडा | बुधवार, रात्री ९:१०

फेन्यू, अनुमोदन. पण मला एक शंका आहे. गॅस आलेला असला की कुणी हॉब घेणार नाही. तार भिंतीत तशीच पडून राहील.

ट्रेंटकाठी | गुरुवार, रात्री १२:४०

राहू दे पडून. इथे आमच्या घरात ती तार नाही म्हणून इलेक्ट्रिशियनने जे कोटेशन दिलंय ते बघून मी अजून गॅसवरच आहे.

वेताळटेकडी | रविवार, रात्री १०:३०

काल सभा झाली. वृत्तांत देतो.

'गॅस नको' हा मुद्दा मी मांडलाच नाही. मांडला असता तर पहिल्या पाच मिनिटांत यादीसकट मला बाहेर काढलं असतं. फेन्यूंचा प्रतिसाद छापून नेला होता. हॉबसाठी वेगळी तार, वाढीव भार, ट्रान्सफॉर्मरला मोठी जागा, चार्जिंगला जाड केबल ट्रे. दोन ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "आम्हाला काय उपयोग?" त्यावर आमच्या चेअरमन काकूंनी सांगितलं की फ्लॅट विकताना उपयोग. विषय संपला. बिल्डरने ट्रान्सफॉर्मरच्या जागेवरून कुरकुर केली, पार्किंगचा एक स्लॉट जातोय म्हणून. त्याचा एक पाहुण्यांचा स्लॉट कमी केला. गॅस यादीत राहिला, बहुमताने. सोलर गच्चीवर आला. जनरेटर लहान केला.

गॅस राहिला याचं वाईट वाटतंय. भाकरतुकडा म्हणतात तसं होऊ शकतं. पण ओटा फोडावा लागणार नाही एवढं तरी झालं.

निवृत्त_बॉयलर | रविवार, रात्री ११:०५

उत्तम. आता नकाशा उघडा आणि मीटर रूम व तो नवा ट्रान्सफॉर्मर कुठे दाखवलाय ते बघा. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी, दोन्ही वेळा पाणी पार्किंगमधूनच शिरलं. एवढी वीज घरात आणताय तर ती तळघरात ठेवू नका.

वेताळटेकडी | रविवार, रात्री ११:२०

काका, आत्ता बघितलं. मीटर रूम तळघरातच आहे, रॅम्पच्या अगदी पायथ्याशी. उद्या सकाळी आर्किटेक्टला फोन करतो. फेन्यू, ती वर घेतली तर तारेची लांबी किती वाढेल, आणि ६ ची पुरेल का, एवढं सांगाल का?

फेज_न्यूट्रल | सोमवार, सकाळी ७:१०

वर घेतली तर लांबी कमीच होईल, वाढणार नाही. ६ ची पुरते. जमिनीपासून चौथऱ्याची उंची किती ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या.